गर्दीच्या आधीचे दिवस

दिवस पहिला : नॅशव्हिल

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयात दुसऱ्या मजल्यावर एका दालनात गोल काउंटर मांडलेला आहे. भोवती स्टुलं. कुणीही जाऊन बसावं. मी बसले, कोपरं टेकवली आणि काउंटरवरच लिहिलेले नियम वाचायला लागले. 'कुणी मारलं, शिवी दिली तरी उलट मारू नका, शिवी देऊ नका.' 'मोठ्यानं हसू नका.' 'म्होरक्यानं परवानगी दिल्याशिवाय जागा सोडू नका.' 'दुकानाची दारं अडवू नका, आतली वाट अडवू नका.' 'ताठ बसा, तोंड कायम काउंटरकडे.' असे दहा नियम. शेवटच्यात येशू, महात्मा गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची शिकवण आठवायला सांगितली आहे.

१९६० साली इथले कृष्णवर्णीय विद्यार्थी हे नियम पाठ करून दुकानांतल्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसायला गेले होते. मी 'दारं अडवू नका' पाशी अडखळले. आंदोलन म्हटलं की अडवणं आलंच, असं आपण धरून चालतो. या मुलांनी ठरवून काही अडवलं नाही. गिऱ्हाईक म्हणून आलो आहोत, आम्हाला वाढा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. अडवणूक कुणी करत असेल तर ती दुकानदार करतोय, हे बघणाऱ्याला आपोआप कळत होतं.

या प्रवासाचं मूळ सांगायला हवं. वीसेक वर्षांपूर्वी मी एका आंदोलनात होते. मोर्चाच्या दिवशी रस्ता पुरला नाही एवढी माणसं आली. भाषणं झाली, निवेदन दिलं, दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो आला. दोन महिन्यांनी ते निवेदन कुणाच्या टेबलावर पडून आहे हे सांगणारंही कुणी उरलं नव्हतं. एवढी माणसं येऊनही काहीच कसं हललं नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. अमेरिकेत राहणारी जुनी मैत्रीण म्हणाली, "अगं, मग इकडे ये. दक्षिणेत गाडीनं फिरू. जिथं हललं आणि जिथं नाही हललं, दोन्ही जागा बघू." त्याप्रमाणे सहा दिवस आखले आणि सुरुवात नॅशव्हिलपासून केली, कारण मार खाऊनही हात न उचलता कसं लढायचं, हे शिकवणारी शिबिरं इथं झाली.

ती शिबिरं घेणाऱ्या माणसाचा एक धागा नागपूरला जातो. जेम्स लॉसन हे तरुण मेथडिस्ट धर्मोपदेशक. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यभरती नाकारली म्हणून तुरुंगात गेले, सुटल्यावर १९५३ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवायला आले. तीन वर्षं राहिले, सत्याग्रहाचं शास्त्र समजून घेतलं. माँटगोमेरीतल्या बस-बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली तीही तिथंच, 'नागपूर टाइम्स'मध्ये. परतल्यावर त्यांची किंगशी भेट झाली. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच दक्षिणेत या. लॉसन नॅशव्हिलला आले आणि एका चर्चच्या तळघरात वर्ग सुरू झाले.

वर्गात निम्मी मुलं गोऱ्या गुंडांची भूमिका करायची. शिव्या द्यायची, खुर्चीवरून ओढून पाडायची, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायची. बाकीच्यांनी बसून राहायचं. पडल्यावर डोकं कसं झाकायचं, शेजाऱ्याला मार बसत असेल तर आपलं अंग मध्ये कसं घालायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसं बघायचं, या सगळ्याची तालीम व्हायची. १९५९ च्या शेवटी दोन दुकानांत नुसती चाचपणी करून आले. बसले, नकार ऐकला, कारण विचारलं, उठून आले. खरी सुरुवात १३ फेब्रुवारी १९६० ला झाली. त्याच्या बारा दिवस आधी ग्रीन्सबरोत चार विद्यार्थी बसले होते आणि त्यांची बातमी देशभर गेली होती. पण नॅशव्हिलला पहिल्याच दिवशी शंभरावर मुलं शिस्तीत बाहेर पडू शकली ती त्या तळघरामुळे.

२७ फेब्रुवारीला गुंड आले. मारहाण झाली आणि पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांना. एक तुकडी गाडीत घातली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसायची. मग तिसरी. त्या दिवशी ऐंशीच्या आसपास अटका झाल्या आणि स्टुलं काही रिकामी राहिली नाहीत. मी बसले होते त्या स्टुलावरून उठताना मला या तुकड्यांचंच आश्चर्य वाटत होतं. पहिल्या तुकडीचं धैर्य मोठं खरं. पण तिसरी तुकडी काय होणार हे डोळ्यांनी बघून आली होती.

पुढं कृष्णवर्णीय वस्तीनं बाजारात खरेदीच बंद केली. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला गेला तेव्हा हजारो लोक मुक्यानं नगरभवनाकडे चालत गेले. तिथं डायेन नॅश या विद्यार्थिनीनं महापौरांना सर्वांसमक्ष विचारलं, केवळ रंगावरून माणसात भेद करणं तुम्हाला योग्य वाटतं का? महापौर बेन वेस्ट 'नाही' म्हणाले. १० मे रोजी सहा दुकानांचे काउंटर खुले झाले.

दिवस दुसरा : बर्मिंगहॅम

सकाळी निघून साधारण तीनशे किलोमीटर दक्षिणेला आलो. केली इन्ग्रॅम पार्कमधून एक पायवाट जाते. दोन्ही बाजूंच्या भिंतींतून धातूची कुत्री अंगावर झेपावलेली आहेत. वाट अरुंद आहे, त्यांच्या जबड्यांमधूनच जावं लागतं. मी पुतळे आहेत हे माहीत असून हात छातीशी घेतले. पलीकडे सोळाव्या रस्त्यावरचं बॅप्टिस्ट चर्च. १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी १० वाजून २२ मिनिटांनी इथं बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन, डेनिस मॅकनेअर. नावं वाचून आम्ही दोघी बराच वेळ एका बाकावर गप्प बसलो.

कुत्र्यांचे आणि पाण्याच्या फवाऱ्यांचे फोटो जगानं पाहिले. त्यामागचं काम फार कमी लोकांना माहीत आहे. इथले फ्रेड शटल्सवर्थ १९५६ पासून झुंजत होते. घरावर बॉम्ब पडला, मुलीला गोऱ्यांच्या शाळेत घालायला गेले तर साखळ्यांनी मारहाण झाली, तरी संघटना टिकवली. त्यांच्या बोलावण्यावरून १९६३ मध्ये किंग आले. मोहिमेची आखणी केली वायट टी वॉकर यांनी. ते आधी बाजारात जाऊन दुकानांच्या काउंटरवरची स्टुलं मोजून आले. चर्चपासून प्रत्येक दुकानापर्यंत चालत जायला तरुणाला किती वेळ लागतो, म्हाताऱ्या माणसाला किती, हे घड्याळ लावून पाहिलं. एक दुकान बंद मिळालं तर कुठं जायचं, तेही ठरलेलं. वेळ निवडली ईस्टरची, कारण नाताळ सोडला तर कपड्यांची खरेदी तेव्हाच सर्वांत जास्त. दुकानदारांना खड्डा पडला तर ते नगरपालिकेशी बोलतील, हा हिशेब होता. हे वाचताना माझा जुना मोर्चा आठवला. आमचा मोर्चा ज्या कचेरीवर गेला, तिचं त्या दिवशी काय अडलं? काहीच नाही. कुणाला कसं अडचणीत आणायचं, याचा आम्ही विचारच केला नव्हता.

तरी एप्रिल संपता संपता मोहीम थंडावली. तुरुंगात जाणारी मोठी माणसं मिळेनात. गेलं की नोकरी जायची, घरभाडं थकायचं. तेव्हा नॅशव्हिलच्याच वर्गातून तयार झालेल्या जेम्स बेव्हल यांनी शाळकरी मुलांना उतरवायचं सुचवलं. मुलांच्या नोकऱ्या जात नाहीत. २ मे रोजी मुलं पन्नास-पन्नासच्या गटांनी चर्चमधून बाहेर पडली. रेडिओवरच्या निवेदकांनी सांकेतिक भाषेत आवतन दिलं होतं: पार्कमध्ये मेजवानी आहे, दात घासायचा ब्रश घेऊन या. ब्रश म्हणजे मुक्काम तुरुंगात. दुसऱ्या दिवशी पोलिस आणि अग्निशमन दल ज्यांच्या हाताखाली होतं त्या बुल कॉनर यांनी कुत्री आणि फवारे सोडले.

यावर आमचा दोघींचा खरोखर वाद झाला. मैत्रीण म्हणाली, "आठ वर्षांचं पोर पोलिसांपुढं उभं करायला मी कधीच तयार होणार नाही." माल्कम एक्सनी त्या वेळी हाच आक्षेप घेतला होता. मला तिचं म्हणणं खोडता येत नाही. पण इथल्या मुलांना क्रौर्य त्या दिवशी नव्यानं भेटलं नाही. रोजचा अपमान त्यांनी जन्मल्यापासून सोसला होता, फक्त तो कॅमेऱ्यासमोर घडत नव्हता. घरी थांबूनही ती सुरक्षित नव्हती, हे सप्टेंबरच्या त्या रविवारनं दाखवलं. तरीही निर्णय मी घेतला असता का? रात्री झोपेपर्यंत उत्तर सापडलं नाही.

तुरुंग भरले. ७ मे रोजी शहरातली बडी व्यापारी मंडळी बैठकीला जमली होती. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली तर बाजारपेठ गाणाऱ्या माणसांनी भरून वाहत होती आणि खरेदीला एकही गिऱ्हाईक नव्हतं. तीन दिवसांत समझोता झाला. काउंटर, कपडे घालून बघायच्या खोल्या, पाण्याचे नळ नव्वद दिवसांत सर्वांना खुले, दुकानांत कृष्णवर्णीयांना नोकऱ्या. महिन्याभरात अध्यक्ष केनेडींनी नागरी हक्कांच्या कायद्याची घोषणा केली आणि २ जुलै १९६४ ला तो झाला.

दिवस तिसरा : माँटगोमेरी

अलाबामा राज्याच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यूवरचं लाल विटांचं चर्च हाकेच्या अंतरावर दिसतं. याच विधानभवनात १८६१ मध्ये जेफरसन डेव्हिसनं फुटून निघालेल्या गुलामी राज्यांचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. त्या चर्चमध्ये १९५४ साली पंचवीस वर्षांचे किंग आले.

पण आजचा दिवस माझ्या मनात जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेच्या नावे लिहिलेला आहे.

रोझा पार्क्स यांची गोष्ट आपल्याला शाळेत सांगतात ती अशी: कामावरून दमून आलेली एक शिंपीण बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठली नाही आणि क्रांती झाली. ही गोष्ट मला फार खटकते. दमलेल्या बायका त्या शहरात रोज हजारोंनी बसमध्ये चढत होत्या. पार्क्स बारा वर्षांपासून कार्यकर्त्या होत्या, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या शाखेच्या चिटणीस होत्या, १९५५ च्या उन्हाळ्यात टेनेसीत कार्यकर्ते घडवणाऱ्या हायलँडर शाळेच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. त्यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, क्लॉडेट कॉल्व्हिन नावाची पंधरा वर्षांची मुलगी जागेवरून उठली नव्हती आणि तिलाही अटक झाली होती. आणि त्याच्याही आधी, मे १९५४ मध्ये, रॉबिन्सन यांनी महापौरांना पत्र लिहून बजावलं होतं की बसमधली वागणूक सुधारली नाही तर लोक बहिष्कार घालतील.

रॉबिन्सन अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या आणि विमेन्स पोलिटिकल कौन्सिल ही बायकांची संघटना चालवायच्या. १ डिसेंबर १९५५, गुरुवार, संध्याकाळी पार्क्स यांना अटक झाली. रात्री उशिरा रॉबिन्सन यांना कळलं. त्यांनी एक सहकारी आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन कॉलेज गाठलं आणि सायक्लोस्टाइल मशीनवर रात्रभर पत्रकं काढली. कागद वाचावा म्हणून एका पानावर तीन मजकूर, नंतर कापायचे. ३५ हजारांहून अधिक प्रती पहाटेपर्यंत तयार. सकाळी त्यांचा नेहमीचा तास होता, तो त्यांनी घेतला. तास संपल्यावर वाटायला निघाल्या. आणि हे वाटप कसं व्हायचं, कुठल्या शाळेत कुणी, कुठल्या वस्तीत कुणी, हे मार्ग संघटनेनं काही महिने आधीच आखून ठेवले होते. सोमवारी, ५ डिसेंबरला, बस रिकाम्या धावल्या.

सायक्लोस्टाइलवर पत्रकं मीही काढली आहेत. स्टेन्सिल फाटतं, शाई बोटांना लागते आणि दोन दिवस जात नाही, पाचशेव्या प्रतीनंतर अक्षरं पुसट व्हायला लागतात. ३५ हजार म्हणजे काय, हे ज्यानं तो दांडा फिरवलाय त्याच्या खांद्याला कळेल.

एक दिवसाचा बहिष्कार म्हणून सुरू झालेलं काम ३८१ दिवस चाललं. कसं? रोझा पार्क्स संग्रहालयात १९५५ ची एक स्टेशन वॅगन ठेवली आहे, तिच्याजवळ मी सर्वांत जास्त वेळ थांबले. बसनं जाणाऱ्यांत तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय, त्यातले बहुतेक घरकाम, स्वयंपाक, मजुरी करणारे. त्यांना रोज कामावर पोचवायचं कोणी? आधी टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये, न्यायला सुरुवात केली. शहरानं लगेच ४५ सेंटचं किमान भाडं सक्तीचं केलं. मग किंग यांनी बॅटन रूजच्या टी. जे. जेमिसन यांना फोन लावला. तिथं १९५३ मध्ये असाच एक छोटा बहिष्कार झाला होता आणि गाड्यांची सोय कशी लावायची हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या सल्ल्यानं इथं तीनेकशे खासगी गाड्या उभ्या राहिल्या. कुठं चढायचं, कुठं उतरायचं, कितीला, सगळं छापून वाटलं. नंतर चर्चच्या नावावर वॅगनी घेतल्या. त्यांना लोक चाकांवरची चर्चच म्हणायचे.

पोलिसांनी चालकांना बारीकसारीक कारणांवरून दंड करायला सुरुवात केली. एकट्या रॉबिन्सन यांना १७ वेळा. किंग यांना पंचवीसच्या हद्दीत ताशी तीस मैल वेगानं गाडी चालवली म्हणून पकडलं. गाड्यांचे विमे रद्द झाले, तेव्हा विमा थेट लंडनच्या लॉइड्सकडून मिळवला. पैसा? आठवड्याला दोनदा होणाऱ्या सभांत वर्गणी जमायची. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकी बाईंनी बायकांचा एक गट केला. घरी केक-पाय करून विकायचे आणि पैसे चळवळीला. गटाचं नाव 'कुठलाच नाही असा क्लब', म्हणजे पैसे कुठून आले असं विचारलं तर खरं उत्तर देता यावं: कुठूनच नाही. विकत घेणाऱ्यांत गोरी माणसंही असायची.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या मागण्या अगदी साध्या होत्या. चालकांनी नीट बोलावं, गोऱ्यांनी पुढून आणि कृष्णवर्णीयांनी मागून बसत आधी येईल त्याला जागा मिळावी, कृष्णवर्णीय वस्तीतल्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक असावेत. वेगळ्या जागा ही पद्धतच रद्द करा, असं त्यात नव्हतं. नगरपालिकेनं तेवढंही दिलं नाही. मग १ फेब्रुवारी १९५६ ला थेट भेदभावाच्या कायद्यालाच कोर्टात आव्हान दिलं गेलं. फिर्यादींमध्ये तीच क्लॉडेट होती.

नोव्हेंबरची १३ तारीख मला नाटकातल्या प्रवेशासारखी वाटते. गाड्यांची सोय बेकायदा ठरवून घ्यायला नगरपालिका स्थानिक कोर्टात गेली होती. किंग आरोपीच्या बाजूला बसलेले, आता सगळं कोसळणार हे दिसत होतं. सुट्टीत एका वार्ताहरानं त्यांच्या हातात कागद दिला: सर्वोच्च न्यायालयानं बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवला आहे. त्याच दिवशी स्थानिक कोर्टानं गाड्या बंदही केल्या. निकालाचा अंमल व्हायला आणखी महिनाभर लागला. तो महिना लोक चालत कामावर गेले.

कोर्टानं सोडवलं की बहिष्कारानं, हा वाद अभ्यासक अजून घालतात. मला वाटतं, नुसता निकाल आला असता तर दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर जाऊन बसायला माणसं निघाली नसती. वर्षभर चाललेली माणसं निघाली.

दिवस चौथा : ऑल्बनी, जॉर्जिया

साधारण अडीचशे किलोमीटर गाडी हाकून आम्ही हरलेल्या गावात आलो. हा शब्द इथल्या लोकांना आवडत नाही आणि दिवस संपेपर्यंत मलाही त्याबद्दल शंका यायला लागली.

१९६१ च्या हिवाळ्यात इथं शेकड्यांनी लोक तुरुंगात गेले. उत्साह प्रचंड होता. जुन्या माउंट झायन चर्चमध्ये आणि समोरच्या शायलो चर्चमध्ये सभा दाटून व्हायच्या. गाणं इतकं जोरदार की पुढं त्यातूनच फ्रीडम सिंगर्स हा गट निघाला. पण पोलिसप्रमुख लॉरी प्रिचेट हा कॉनर नव्हता. किंग यांची पद्धत त्यानं वाचून घेतली होती. पोलिसांना चारचौघांत हात उचलायला बंदी. आसपासच्या गावांतले तुरुंग आधीच बोलून ठेवलेले, त्यामुळं माणसं येत राहिली तरी त्याचा तुरुंग भरेना. किंग जुलै १९६२ मध्ये दंड न भरता आत बसले, तर कुणीतरी अज्ञातानं दंड भरून त्यांना बाहेर काढलं. कॅमेरे आले, दाखवण्यासारखं काही मिळालं नाही, निघून गेले. ऑगस्टमध्ये किंगही गेले.

किंग यांनी नंतर स्वतःच सांगितलं की एकाच वेळी सगळ्या भेदभावावर हल्ला चढवला, त्याऐवजी बस किंवा काउंटर असं एक काहीतरी धरायला हवं होतं. मला मात्र इथल्या बसची गोष्ट जास्त बोलकी वाटली. बहिष्कारानं कंपनी इतकी टेकीला आली की भेदभाव सोडायला तयार झाली. नगरमंडळानं तिला सोडू दिला नाही. कंपनी बंद पडली आणि मंडळातल्या एकाचंही काही बिघडलं नाही. माणसं तीच, कष्ट तेच, पण दाब जिथं बसला तिथं निर्णय नव्हता. बर्मिंगहॅममध्ये वर्षभरानं नगरपालिकेऐवजी दुकानदारांना धरलं गेलं ते हे बघूनच.

आणि 'हरलेलं' का म्हणायचं नाही? किंग गेल्यावरही इथली माणसं मतदारनोंदणी करत राहिली. १९६३ च्या वसंतात नगरमंडळानं भेदभावाचे नियम वहीतून काढून टाकले. तेव्हा एकही कॅमेरा नव्हता.

दिवस पाचवा : परतीच्या रस्त्यावर

दिवसभर पाऊस. बघितलं काही नाही, बोललो खूप.

मैत्रिणीनं एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टेफन या दोन संशोधकांच्या जगभरातल्या लढ्यांवरच्या अभ्यासाचा विषय काढला. त्यांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा तपासल्या. शस्त्र न घेता लढलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक यशस्वी, शस्त्र घेतलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा. कारण असं की बिनशस्त्र लढ्यात म्हातारी, बायका, पोरं सगळी येऊ शकतात, आणि इतकी सगळी आली की सत्तेच्या आधाराची माणसं, म्हणजे पोलिस, कारकून, व्यापारी, त्यांचं कुणीतरी नात्यातलं त्या गर्दीत असतंच. मग तिकडे चलबिचल सुरू होते. लोकसंख्येच्या साडेतीन टक्के लोक उतरले की चळवळ हरत नाही, हा त्यातलाच गाजलेला आकडा. त्याला अपवाद आहेत हे पुढं चेनोवेथ यांनीच दाखवलं.

हा आकडा हल्ली घोषणेसारखा वापरतात, त्याची मला धास्ती वाटते. एका दिवशी तेवढी डोकी जमवली की झालं, असं समजून माणसं कामाला लागतात. आमचंही तेच झालं होतं. आम्ही महिनाभर फक्त गर्दी जमवली. मोर्चानंतरच्या सोमवारी कुणी काय करायचं, हे एकाही बैठकीत बोललो नाही.

दिवस सहावा : सेल्मा आणि लाउंड्स

एडमंड पेटस पूल मध्ये उंच आहे. सेल्माच्या बाजूनं चढताना पलीकडचं काही दिसत नाही. माथ्यावर आलं की एकदम सगळा उतार समोर येतो. ७ मार्च १९६५ ला जॉन लुईस आणि होझिया विल्यम्स यांच्यामागून मताधिकारासाठी माँटगोमेरीकडे निघालेली सहाशे माणसं इथवर आली आणि तेव्हा त्यांना खाली रांगेत उभे पोलिस दिसले. आम्ही माथ्यावर थांबलो. खाली अलाबामा नदी संथ, तपकिरी. लुईस त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते. नॅशव्हिलच्या तळघरातले. लाठीनं त्यांची कवटी फुटली. ज्येष्ठ कार्यकर्त्या अमिलिया बॉयंटन यांना बेशुद्ध होईपर्यंत मारलं. रात्री दूरचित्रवाणीवर चित्रपट थांबवून हे दाखवलं गेलं.

सेल्मा निवडलं गेलं त्याचं एक कारण शेरीफ, म्हणजे जिल्ह्याचा निवडून दिलेला पोलिसप्रमुख, जिम क्लार्क. गावचा सुरक्षाप्रमुख विल्सन बेकर प्रिचेटसारखं शांतपणे हाताळायला बघत होता, क्लार्कला राग आवरत नसे. आंदोलकांनी ऑल्बनीतून धडा घेतला होता, त्यामुळं क्लार्कची हुकमत चालायची त्या कोर्टाच्या पायऱ्यांवरच जायचं ठरलं. जिल्ह्यात मतदानाच्या वयाचे सुमारे १५ हजार कृष्णवर्णीय, त्यातले तीनेकशे मतदार. नोंदणी कार्यालय महिन्यातून दोन दिवस उघडं.

पण कॅमेरे १९६५ मध्ये आले. बर्नार्ड लाफायेट इथं १९६३ पासून होते, बॉयंटन पती-पत्नी तर १९३० च्या दशकापासून नोंदणीचं काम करत होते. २२ जानेवारीला शंभरावर शिक्षक कोर्टावर चालत गेले. नोकरी जायची भीती सर्वांत जास्त त्यांनाच होती, म्हणून त्यांचं निघणं मुलांनी आयुष्यभर लक्षात ठेवलं. तरुणांच्या 'स्निक' संघटनेला राग होता की आम्ही दोन वर्षं राबलो आणि मोठे नेते येऊन श्रेय नेतात. पुलावर जायला संघटनेनं अधिकृत नकार दिला होता. अध्यक्ष असूनही लुईस व्यक्ती म्हणून चालले. मला तो राग पूर्ण समजतो. पण दोन्ही कामांपैकी एक जरी नसतं तरी ६ ऑगस्टला मताधिकाराच्या कायद्यावर सही झाली नसती, असंही वाटतं. पुढच्याच वर्षी क्लार्क निवडणूक हरला. हरवणारा उमेदवार बेकर होता.

दुपारी हायवे ८० वरून माँटगोमेरीकडे निघालो. १९६५ च्या मार्चमध्ये याच रस्त्यानं पाच दिवसांत ८७ किलोमीटर चालत गेले. वाटेतल्या लाउंड्स परगण्यात पाचातले चार लोक कृष्णवर्णीय आणि त्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्यातला एकही मतदार नव्हता. मोर्चा इथून गेला, माँटगोमेरीत २५ हजार लोक झाले, भाषण जगभर गाजलं. आणि मग ही माणसं इथं उरली, जमीनदारांच्या शेतांवर. नाव नोंदवलं म्हणून कुळांना घराबाहेर काढलं. हायवेच्या कडेला तंबू पडले, काही कुटुंबं तंबूत दोन वर्षांहून अधिक राहिली. त्या जागी आता माहिती केंद्र आहे. मागं मोकळं गवत.

'स्निक'ची काही मंडळी मोर्चानंतर इथं कामाला राहिली. लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. निरक्षर मतदारांसाठी चिन्ह लागायचं, त्यांनी ब्लॅक पँथर, म्हणजे काळा बिबट्या, घेतला. समोरच्या प्रस्थापित पक्षाचा कोंबडा होता, आणि 'श्वेत वर्चस्व' हे शब्द त्याच्या चिन्हात होते. आणि मग त्यांनी चित्रांच्या पुस्तिका छापल्या. शेरीफचं काम काय असतं, करआकारणी कोण करतो, शाळा-मंडळाच्या हातात काय असतं, एकेका पदाची एकेक गोष्ट चित्रांतून. रात्री चर्चमध्ये बसून लोक त्या वाचून दाखवायचे आणि आपल्यातलं कोण कशाला उभं राहील ते ठरवायचे.

नोव्हेंबर १९६६ मध्ये सात जागा लढवल्या, सातही पडल्या. पुन्हा नोंदणी, पुन्हा बैठका. १९७० मध्ये जॉन ह्युलेट शेरीफ झाले. १९६५ च्या मार्चमध्ये या परगण्यात पहिल्यांदा ज्यांची नावं यादीत चढली, त्यांतले ते एक.

केंद्र बंद व्हायची वेळ झाली तरी मैत्रीण मागच्या गवतात उभी होती. मी तिला हाक मारली. ती म्हणाली, "थांब गं, तंबू कुठून कुठपर्यंत असतील ते बघतेय." मग आम्ही दोघींनी कुंपणाच्या एका टोकापासून पावलं मोजायला सुरुवात केली.